मागून वाजवलेला हॉर्न

तो हॉर्न मी रागाने वाजवला होता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याच्या पाठीमागे तो वाजवला त्यालाही नाही. त्याला मी अर्धं सांगितलं, तेही कित्येक वर्षांनी. उरलेलं अर्धं माझ्याकडेच राहिलं. मी मुळात कमी बोलणारा माणूस. लोक म्हणतात, शांत आहे. शांत वगैरे काही नसतं, बोलायची वेळ आली की मी ती जाऊ देतो इतकंच.

मस्कतमध्ये गाला म्हणून भाग आहे. गॅरेजं, वर्कशॉपं, गोदामं, आणि त्यांच्या मधून वाट काढणारे पिकअप आणि ट्रक. तिथल्या एका एसी दुरुस्तीच्या कंपनीत मी टेक्निशियन म्हणून आलो आणि आता सुपरवायझर आहे. पहिली वर्षं मी गालात सायकलवर फिरलो. कंपनीचीच सायकल. हँडलला हत्यारांची पिशवी, मागे कॅरिअरला गॅसचा छोटा सिलिंडर दोरीने बांधलेला. उन्हाळ्यात हँडल इतकं तापायचं की फडकं गुंडाळून धरावं लागे. मागून पिकअपचा हॉर्न आला की मी निमूटपणे खडीत उतरायचो. गाडी गेली की पुन्हा वर यायचो. त्याचा राग यायचा असं काही आठवत नाही. रस्ता गाडीवाल्यांचा आणि आपण त्यातून वाट काढणारे, असंच मी धरून चाललो होतो.

मग लायसन्सच्या मागे लागलो. ओमानमध्ये लायसन्स निघणं म्हणजे काय ते इथे राहिलेल्यालाच कळेल. आधी उभ्या केलेल्या पिंपांच्या मधून गाडी उलटी घालायची, मग चढावर थांबवून मागे न घसरता उचलायची, मग पोलिसाला शेजारी बसवून रस्त्यावर चालवायची. पिंपांच्या टेस्टला मी इतक्यांदा नापास झालो की मला शिकवणारा ओमानी म्हातारा माझं नाव विसरून मला ‘ड्रम’ अशीच हाक मारायला लागला. “यल्ला ड्रम, गाडीत बस.” शेवटी पास झालो त्या दिवशी मेसमधल्या सगळ्यांना शवरमा खिलवला आणि सायकल एका नव्या मुलाच्या हवाली केली. पलीकडच्या काठावर गेल्यासारखं वाटलं. आता हॉर्न माझ्या हाताखाली होता.

ती सकाळ शुक्रवारची होती. शुक्रवार म्हणजे इथला रविवार. मस्कतच्याच अझैबा भागातल्या एका बंगल्याचा एसी बंद पडला होता आणि मालकाने आमच्या साहेबाला झोपेतून उठवलं होतं. साहेबाने मला उठवलं. आठवड्यातली एक सुट्टी, ती अशी गेली. बायको दारात म्हणाली, “चिडून गाडी चालवू नका.” मी म्हटलं, “कोण चिडलंय?”

अझैबाचा समुद्राकाठचा रस्ता शुक्रवारी सकाळी सायकलवाल्यांचा असतो. हेल्मेट, काळे चष्मे, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, आणि हलकी, महागडी सायकल. माझ्या लेखी ते सगळे गोरे साहेब, नाहीतर बँकेत एसीत बसणारे. एक मोठा घोळका जोडीजोडीने गप्पा मारत चालला होता आणि मी त्याच्या मागे अडकलो होतो. तो घोळका एकदाचा डावीकडे वळून गेला. सुटलो म्हणेपर्यंत पुढे एकटाच मागे पडलेला सायकलवाला दिसला. कडेला वाळू साचली होती म्हणून तो कडेपासून जरा आत, लेनमध्ये चालवत होता. चूक काहीच नव्हती त्याची. मी चालवली असती तर मीही तिथूनच चालवली असती.

शेजारची लेन मोकळी होती. त्या लेनमध्ये माझ्या मागून फक्त एक पांढरी मोठी गाडी येत होती, तेवढी पुढे जाऊ द्यायची आणि मग लेन बदलायची, एवढंच काम होतं. तेवढंही मला थांबायचं नव्हतं. मनात काय चाललं होतं ते अजून जसंच्या तसं आठवतं. मी पोट भरायला सायकल मारली, हा पोट उतरवायला मारतोय, आणि वर माझ्याच लेनमध्ये. मी त्याच्या अगदी मागे गेलो आणि हॉर्न दाबला. दाबूनच धरला. साहेबाला जरा दचकू दे, असं मला वाटलं होतं. पडावा असं वाटलं नव्हतं. पण दचकावा असं नक्की वाटलं होतं.

तो दचकला. हँडल हललं, पुढचं चाक कडेच्या काळ्या-पिवळ्या दगडाला लागलं आणि तो पलीकडे फेकला गेला. मी त्याच्या बाजूने पुढे निघून गेलो. पायाने ब्रेक लगेच दाबला नाही, हेही लिहून टाकतो. आरशात बघितलं. तो उठत नव्हता. तेव्हा मी गाडी बाजूला घेतली आणि मागे आणली. पांढरी गाडी तोपर्यंत पुढे गेली होती. ती चालवणारा ओमानी मुलगा आधीच पूर्ण लेन सोडून, वेग कमी करून लांबून गेला होता. बहुतेक त्याला कळलंही नसेल.

मी जवळ गेलो तेव्हा सायकलवाला म्हणत होता, “आये गे… आये गे…”

मी त्याच्याजवळ वाकलो. हेल्मेट काढलं तर आत पिकलेली दाढी, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा माणूस. मी मूर्खासारखं विचारलं, “मराठी का?”

“बाणकोटचा,” तो खांदा धरून म्हणाला. “तुमी?”

“गुहागरजवळचा.”

“म्हंजे शेजारीच की.” एवढ्या दुखण्यात तो हसायचा प्रयत्न करत होता. मग रस्त्याच्या पुढच्या टोकाकडे बघून म्हणाला, “तो पांढरी गाडीवाला. हॉर्न मारला नि गेला. बघितलात ना?”

मी म्हटलं, “हो, गेला.”

हे दोन शब्द. पुढचं सगळं त्यांच्यावर उभं राहिलं.

त्याला पिकअपमध्ये घालून हॉस्पिटलला नेलं. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं आणि डाव्या मनगटात दोन ठिकाणी तडे होते. रस्त्यावरचा अपघात म्हणून पोलीस आला. त्याने मला गाडीचा नंबर विचारला. मी म्हटलं, नाही बघितला. हे तर खरंच होतं. पोलिसाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, सगळे थांबत नाहीत, तू थांबलास. मी खाली बघत राहिलो. लाजतोय असं त्याला वाटलं असावं. थोड्या वेळाने त्याची बायको, म्हणजे भाभी, आल्या. पदर सावरत मला म्हणाल्या, “तुमच्या रूपाने अल्लानंच माणूस धाडला.”

त्या क्षणी का बोललो नाही याचं उत्तर सोपं आहे. भीती. लायसन्स, नोकरी, पोलीस, केस मिटेपर्यंत देश सोडता येणार नाही, बायकोच्या व्हिसाचं काय, हे सगळं एका मिनिटात डोक्यातून गेलं. उद्या बोलू म्हटलं. दुसऱ्या दिवशी बघायला गेलो तर त्याने शेजारच्या खाटेवरच्या माणसाला माझी ओळख करून दिली, “हाच तो. ह्यानं मना उचलला.” त्यानंतर बोलणं अवघड झालं, आणि भाभींनी माझ्या बायकोला जेवायला बोलावलं तेव्हा अशक्य झालं.

त्या सायकलवाल्याला सगळे भाई म्हणतात. भाईचं गालातच हार्डवेअरचं दुकान आहे. पाईप, रंग, सिलिकॉनच्या नळ्या, ड्रिलची पाती. मी त्या दुकानावरून रोज जायचो पण आत कधी गेलो नव्हतो. तरुणपणी तो ओमानमधल्याच खाबुऱ्याला मामाच्या दुकानात होता. शेतांवरच्या मजुरांना सामान पोचवायला सायकलवर जायचा. म्हणजे माझ्यासारखीच त्यानेही पोटासाठीच सायकल मारली होती, माझ्या आधी आणि माझ्यापेक्षा जास्त. पन्नाशीच्या आसपास साखर निघाली, डॉक्टरने व्यायाम सांगितला, तेव्हा तो म्हणाला मना एकच व्यायाम येतो. मुलाने ती महागडी सायकल घेऊन दिली. हे सगळं मला हळूहळू कळत गेलं आणि प्रत्येक वेळी त्या सकाळचा माझा राग आणखी खोटा ठरत गेला.

आमची दोन घरं एक झाली. रमजानमध्ये इफ्तारला आम्ही त्यांच्याकडे. सांदणं, कोळंबी, तांदळाच्या भाकऱ्या. गणपतीत ते आमच्याकडे, आणि मोदक मोडला की भाई बायकोला म्हणायचा, “वहिनी, हा नापास. दुसरा आणा.” सगळ्या कार्यक्रमांत तो मला पुढे करायचा. मी अंग चोरायचो. लोकांना ते विनय वाटायचं. माझ्या गप्प बसण्याला एवढी इज्जत आयुष्यात कधी मिळाली नव्हती.

आता त्याच्याबद्दल लिहितो, कारण माझ्यापेक्षा तो लिहिण्यासारखा आहे.

हाड जुळलं, पण डाव्या हाताची दोन बोटं पूर्ण मिटेनात. लोकांना वाटलं सायकल सुटली. त्याने पुढचा आणि मागचा, दोन्ही ब्रेक उजव्या हाताखाली लावून घेतले आणि पुन्हा त्याच रस्त्यावर आला. पहिल्या दिवशी मागून गाडीचा आवाज आला की घाम फुटायचा असं त्याने स्वतःच सांगितलं. “पण मी घरी बसलो तर तो पांढरीवाला जिंकला,” म्हणाला. मी चहा पीत राहिलो.

दुसरा कुणी असता तर गाडीवाल्यांना शिव्या देत बसला असता. अपघात झाला की सायकलवाल्यांच्या ग्रुपवर तेच चालतं. सगळे ड्रायव्हर जनावरं आहेत, वगैरे. भाईने तिथे लिहिलं, मी पण गाडी चालवतो, मी पण जनावर का? शिवाय तो आपल्या सायकलवाल्यांनाही सोडत नाही. तिघं-तिघं रुंदीने गप्पा मारत चालले की ओरडतो, “गप्पा मारायच्या तर घरी या रे, चाय पाजतो. हा रस्ता हाय.” उलट्या बाजूने, बिनदिव्याने सायकल हाणणारे कामगार दुकानासमोरून गेले की त्यांना थांबवतो आणि मागच्या मडगार्डला स्वतःच्या हाताने चमकणारी पट्टी चिकटवतो. त्याची दोन बोटं मिटत नाहीत म्हणून पट्टी जरा वाकडीच लागते. गालात वाकडी पट्टी दिसली की समजायचं, भाईकडून लागली.

पण त्याचं खरं काम ड्रायव्हरांमध्ये. त्याचं म्हणणं असं, की आपल्याकडे हॉर्न म्हणजे ‘येतोय बरं का’ एवढाच निरोप. घाटात वळणावर, गल्लीत, बैलगाडीच्या मागे. तो वाजवला नाही तर उलट लोक बोलतात. इथे हॉर्न क्वचित वाजतो. त्यामुळे मागून अचानक वाजला तर माणूस हादरतो. आपले ड्रायव्हर वाईट नाहीत, ते इथे येऊनही घाटातच गाडी चालवतात. हे त्यांना सांगून कळत नाही, बसवून दाखवावं लागतं.

म्हणून तो बसवतो. गालातल्या कंपन्यांची आवारं, कामावर निघण्याआधी ड्रायव्हर चहाला जमतात ती वेळ. भाई सायकल घेऊन येतो. मोकळ्या जागेत एका ड्रायव्हरला तिच्यावर बसवतो, हळू चालव म्हणतो, आणि मागून पिकअप जाऊ देतो. एकदा अगदी जवळून, एकदा पूर्ण जागा सोडून. एकदा हॉर्न मारून, एकदा न मारता. भाषण नाही. उतरलेल्या माणसाला फक्त विचारतो, “कसा वाटला?”

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा साताऱ्याकडचा एक दांडगा ड्रायव्हर होता. तो म्हणाला, “शेठ, सायकलला पण मुलकिया काढा की. गाडीचे कागद आम्हीच का बाळगायचे? टॅक्स नाय, इन्शुरन्स नाय, आणि रस्ता मात्र अर्धा पाहिजे.”

सगळे हसले. भाईही हसला. “काढतो. फोटो तुझा लावू का सायकलचा?”

कुडाळचा एक जण म्हणाला, “आमच्याकडे हॉर्न मारल्याबिगर म्हस पण हलणा नाय.”

“म्हस दचकत नाय रे बाबा. तिला चार पाय हायत. बस तू.”

कुडाळकर बसला. पिकअप मागून जवळून गेला तेव्हा त्याने सायकल सोडून चक्क उडी मारली. सातारकर पोट धरून हसला, मग त्याची पाळी आली. तोही उतरला तेव्हा त्याचं हसू गेलं होतं. केरळचे, पेशावरचे, बंगालचे ड्रायव्हर कडेने बघत होते. त्यांनाही एकेक करून बसवलं. मला तिथे उभं राहून वाटलं, मी एवढी वर्षं माणसं हाताखाली वागवतो, ओरडल्याशिवाय एक गोष्ट कुणाच्या गळी उतरवता येत नाही मला. हा माणूस मोडक्या हाताने हे करतो आणि कुणाला कमीपणा येऊ देत नाही.

आणि शेवटी तो मला पुढे ओढायचा. “हा बघा. मी पडलो तवा गाड्या गेल्या. हा थांबला. ड्रायव्हर असा पाहिजे.” ड्रायव्हर टाळ्या वाजवायचे. मग पिकअप चालवायचं काम माझ्याकडेच आलं, कारण भाईचा विश्वास माझ्यावर. स्वतः तो सायकलवर बसायचा आणि मी मागून जायचो. तीनेक वर्षं हे असं चाललं. त्याच्या मागून मी गाडी न्यायची आणि हॉर्न मारायचा.

मी हलकाच मारायचो. एक टिचकी, तेवढीच.

एका सकाळी तो सायकल थांबवून मागे वळला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “भाऊ, तू लाजतो काय हॉर्न मारायला? ह्यानं कोण दचकणार? त्यानं असा नव्हता मारला. लांब मारला व्हता. दाबून.”

मला माहीत होतं कसा मारला होता. भाई पुन्हा सायकलवर बसला, चालवायला लागला. मी मागे गेलो आणि दाबला. त्या दिवशी दाबला होता तसाच, तेवढाच वेळ. सायकल डगमगली. भाईने पाय टेकले. त्याची पाठ मला दिसत होती, शर्टाच्या आत ताठ झालेली. तो न वळताच म्हणाला, “हां. असाच.”

मी गाडी बंद केली.

आवार रिकामं झाल्यावर मी त्याच्या मागोमाग दुकानात गेलो. त्याने गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून चहा मागवला. मी रंगाच्या डब्यांना टेकून उभा राहिलो आणि म्हटलं, “भाई, तो हॉर्न माझा होता.”

“आजचा? बरोबर मारलास.”

“अझैबाचा.”

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने चहाचा कप खाली ठेवला. गिऱ्हाईक आलं, त्याला पीव्हीसीचे दोन एल्बो दिले, पैसे घेतले, सुट्टे परत दिले. ते गेल्यावर विचारलं, “मग ती पांढरी गाडी?”

“ती लांबून गेली. पूर्ण लेन सोडून. त्याची काही चूक नव्हती.”

“या अल्ला,” तो म्हणाला. “त्या पोराला मी किती वर्षं शिव्या घातल्या. सगळ्यांसमोर.”

त्याचा पहिला विचार त्या अनोळखी मुलाचा होता. स्वतःच्या खांद्याचा नाही, माझा तर नाहीच. मी आयुष्यात जी काही मोठी माणसं बघितली असतील, त्यांत ह्या क्षणासाठी मी त्याला सगळ्यांत वर ठेवतो.

मग म्हणाला, “बोलला का नायस?”

“घाबरलो.”

“हॉस्पिटलात ठीक. पण नंतर? माझ्या घरी जेवलास तू.”

तो बाहेर रस्त्याकडे बघत राहिला. चहा गार झाला एवढं आठवतं. आणि मग त्याने जे केलं त्याची मला अपेक्षा नव्हती. त्याने मला वाट काढून दिली. माझ्याकडे बघून म्हणाला, “सवय रे. आपली सगळ्यांची तीच सवय. घाटातला हॉर्न. मी तीन वर्षं लोकांना तेच सांगत फिरतोय नि हॉर्नवाला माझ्याच समोर उभा व्हता. तू काय मुद्दाम मारलास?”

प्रश्न होता तो. उत्तर द्यायची जागा होती. मी म्हटलं, “नाही भाई. सवय.”

त्याने उठून माझ्या पाठीवर हात ठेवला. मिटत नसलेली ती दोन बोटं मला शर्टावरून कळत होती.

दोन-तीन आठवडे तो जरा तुटक होता. त्याचा हक्कच होता तो. मग एका शुक्रवारी भाभींचा बायकोला फोन आला, जेवायला या. बायकोला तेव्हाही काही कळलं नाही. भाईने भाभींनासुद्धा सांगितलं नव्हतं. मला विचारून मगच त्याने ड्रायव्हरांना सांगायची गोष्ट बदलली. आधी त्याने पांढऱ्या गाडीवाल्याची माफी मागितली, आवारात उभं राहून, तो मुलगा तिथे नसताना. मग म्हणाला, “हॉर्न मारणारा आणि उचलणारा एकच. आपलाच माणूस. हा उभा हाय. सवयीनं मारला, आणि इतक्या वर्षांनी स्वतः कबूल केला.”

ड्रायव्हरांनी पहिल्यापेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या. कबूल करायला छाती लागते, असं पेशावरचा एक म्हातारा ड्रायव्हर माझा हात धरून म्हणाला. म्हणजे अर्धं सांगूनही माझी इज्जत वाढलीच. मला ते सुखाचं वाटलं नाही असं म्हटलं तर तेही खोटं होईल. वाटलं. थोडं वाटलं.

गेल्या महिन्यात तो सातारकर ड्रायव्हर माझ्या ऑफिसात आला. आमच्या कंपनीच्या मालाचा ट्रक आता तोच चालवतो. कामाचं बोलून झालं तरी उठेना. मग म्हणाला, “साहेब, एक विचारू? तुमची गोष्ट मी चारदा ऐकली. पण माझं तसं नाय.”

“कसं?”

“तुम्ही सवयीनं मारला. मी सवयीनं नाय मारत. डोकं फिरतं माझं. सकाळपासनं मालकाच्या, अर्बाबच्या शिव्या खाल्लेल्या असतात, आणि पुढं कोणतरी निवांत सायकल मारत दिसतो. मग मी जवळनं घालतो. मुद्दाम. कुणाला पडताना नाय बघितलं अजून. भाईशेठचं सगळं पटतं, पण ते तुमच्यासारख्या चांगल्या माणसांना. माझ्यासारख्याला काय उपाय?”

माझ्यासमोर तो बसला होता, टेबलावर मोठे हात ठेवून, खरोखर विचारत होता. मी त्याला म्हटलं, “जरा पाणी पीत जा. राग आला की गाडी बाजूला घे.” तो हो म्हणाला आणि गेला. जाताना दार हळू लावलं त्याने.

त्याने जे मला पाच मिनिटांत सांगितलं ते मी माझ्या मित्राला इतक्या वर्षांत सांगू शकलो नाही. आणि त्याला वाटतं की तो एकटाच तसा आहे. भाईची सगळी मेहनत एका गोष्टीवर उभी आहे आणि ती गोष्ट मी खोटी करून ठेवली आहे. चांगली माणसं सवयीने चुकतात, असं ती सांगते. ज्याला ती सर्वांत जास्त लागू व्हायला हवी त्याला ती बाहेर उभं करते.

कधी कधी मी स्वतःला समजावतो की भाईने माफ केलं, विषय खलास. पण त्याने सवयीला माफ केलं आहे. रागाला माफ करायची वेळ मी त्याच्यावर येऊच दिलेली नाही. तो करेल की नाही मला माहीत नाही. कदाचित करणार नाही. कदाचित रमजानमधला फोन येणार नाही, आणि भाभी बायकोला काय सांगतील आणि बायको मला काय विचारेल, तेही मला ठाऊक नाही. मी इतकी वर्षं सांभाळलं ते हेच.

भाईला मी एक वाक्य देणं लागतो: मुद्दाम मारला. तेच वाक्य सातारकर ड्रायव्हरला देणं लागतो, आणि त्याच आवारात, त्याच माणसांसमोर, जिथे त्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. अजून दिलेलं नाही.